ध्वनी ऐकून डोकेदुखी थांबेल का?

प्रश्न : माझे वय ४१ असून मी लेखापाल आहे. दुपारनंतर डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे दुखू लागते आणि मान-खांदे भरून येतात. उलटी किंवा उजेडाचा त्रास होत नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा डोकेदुखीची गोळी घ्यावी लागते. आमच्याकडील एका केंद्रात ‘ब्रेनवेव्ह थेरपी’ म्हणून हेडफोनवर विशिष्ट ध्वनी ऐकवतात व त्यासाठी महिन्याचे पॅकेज घ्यायला सांगतात. त्याचा उपयोग होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही तणावजन्य डोकेदुखी असावी असे वाटते, मात्र निदान प्रत्यक्ष तपासणीनंतरच पक्के होईल.

केंद्रात ऐकवतात ते बहुधा ‘बायनॉरल बीट्स’ असावेत. डाव्या कानात ४०० आणि उजव्या कानात ४१० हर्ट्झचा स्वर सोडला, की प्रत्यक्षात कोठेही नसलेला, सेकंदाला १० वेळा कमी-जास्त होणारा नाद ऐकू येतो, कारण दोन्ही कानांकडून आलेले संदेश मेंदूच्या देठात एकत्र होतात. प्रशियाचे भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश डोव्ह यांनी हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते, म्हणजे शोध काही नवा नाही. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या मेंदूत साधारण ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फा लहरी ठळक दिसतात. म्हणून १० हर्ट्झचा नाद ऐकवला की मेंदूही त्याच लयीत येईल, असा या उपचाराचा दावा असतो. नाद ऐकू येतो हे खरे, पण त्यामुळे मेंदूच्या लहरी खात्रीने त्या लयीत येतात असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही, आणि तणावजन्य डोकेदुखीवरील मान्य उपचारांतही त्याचा समावेश नाही.

तरीही ऐकून बरे वाटल्याचे अनेक जण सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. अर्धा तास डोळे मिटून, खांदे सैल सोडून, फोन बाजूला ठेवून पडून राहिले तर स्नायूंचा ताण उतरतोच. त्यासाठी पैसे मोजण्याची गरज नाही. हवे असल्यास असे ध्वनी घरीच कमी आवाजात ऐकावेत. अपस्माराचा त्रास असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. हेडफोन घट्ट नसावा, कारण त्याच्या दाबानेही डोके दुखते! अधिक भक्कम पुरावा आहे तो बायोफीडबॅकला : त्यात कपाळाच्या किंवा मानेच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून ताण पडद्यावर दाखवतात आणि तो सैल करायला शिकवतात.

मला खरी काळजी आपल्या गोळ्यांची वाटते. आठवड्याला तीन-चार म्हणजे महिन्याला बारा ते सोळा दिवस होतात. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि कॅफिनसारखे घटक मिसळलेल्या संयुक्त गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागू शकते. वेष्टनावरील घटक वाचावेत, महिनाभर डोकेदुखीची व गोळ्यांची तारीखवार नोंद ठेवावी आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. रोज घेण्याच्या प्रतिबंधक औषधाची गरज आहे का, हे त्यावरून ठरवता येते.

अचानक, क्षणार्धात असह्य दुखू लागले, तापाबरोबर मान आखडली, बोलणे अडखळले किंवा हातापायातली शक्ती गेली, तर मात्र नोंदवहीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.