काटा वर जातोय? आधी तेलाची बरणी बघा

"महिनाभर व्यायाम करतेय, जेवण नॉर्मलच आहे, तरी वजन दीड किलो वाढलं, असं का?" असं तुम्ही विचारलंय. व्यायाम सुरू करून महिनाच झालाय ना, मग दीड किलो वाढल्याचं एवढं मनावर घेऊ नका. नवीन व्यायामाने स्नायू थोडे सुजतात, ग्लायकोजेन (म्हणजे साखरेचा राखीव साठा) साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात. ती चरबी नव्हे. आठवड्यातून एकदाच, सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा आणि कमरेला टेप लावा. बायकांना ८० सेंमी, पुरुषांना ९० ही आपल्याकडची मर्यादा.

"जेवण नॉर्मलच आहे" हे मात्र मला पटत नाही. (सगळेच तसं म्हणतात.) पोळ्या आपण मोजतो, तेल कोण मोजतं? एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. फोडणीतलं, पोळीला लावलेलं, वर भाजीत दाण्याचं कूट. आणि फिरून आल्यावर चहासोबत खारी! पाऊण तास चालून जळतात दीडशे-दोनशे. महिन्याला घरात तेल किती लिटर येतं आणि खाणारी माणसं किती, एवढा भागाकार करून बघाच.

तरीही दोन-तीन महिन्यांत कंबर वाढतच राहिली, किंवा थकवा, केस गळणं, पाळी पुढेमागे होणं असेल, तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. स्टेरॉइडने किंवा मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनीही वजन वाढतं. पण गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. पाय सुजत असतील, धाप लागत असेल, तर मात्र लगेच दाखवा.