स्पार्कल मूरची तबकडी घेताय? आधी पैशांचं बघा

अमेरिकन रॉक अँड रोल गायिका स्पार्कल मूरची ‘स्कल अँड क्रॉसबोन्स’ या गाण्याची 1956 सालची मूळ, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी एक परदेशी विक्रेता स्वस्तात देतोय, पण पैसे साइटवरून नकोत, थेट खात्यात पाठवा म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून पाठवू नका. सहा वर्षांपूर्वी माझं शब्दशः हेच झालं.

मला आलेल्या फोटोत लेबल झकास दिसत होतं. कडेला कुणा जुन्या मालकाने पेनाने केलेली खूण होती, ती बघून तर माझी खात्रीच पटली. तबकडी हातात आली आणि त्या खुणेवरून बोट फिरवलं. शाईचा पत्ताच नाही. खूण छापलेली होती! कुठल्यातरी खऱ्या लेबलचा फोटो काढून त्याच्या प्रती छापल्या होत्या.

पण नकली माल गळ्यात पडणं ही माझी मोठी चूक नव्हे. विक्रेत्याच्या सांगण्यावरून मी बँकेच्या फॉर्मवर पैसे पाठवण्याचं कारण ‘भेट’ असं लिहिलं, ती खरी चूक. तक्रार घेऊन गेलो तेव्हा परदेशी व्यवहारांच्या टेबलावर तोच कागद माझ्यापुढे सरकवला गेला. भेट दिलीत, आता परत कशी मागता? चार खेपा घातल्या. दर वेळी नवा फॉर्म, नवा माणूस, आणि पहिल्यापासून सगळी कहाणी. बिल, फोटो, विक्रेत्याचे मेल, सगळं होतं माझ्याकडे. एकानेही उघडून पाहिलं नाही. एकोणीस हजार गेले. त्या टेबलाचा राग अजून गेलेला नाही.

सावज शोधणाऱ्या असल्या विक्रेत्यांना स्पार्कल मूरची तबकडी का सोयीची, तेही सांगतो. ओमाहाची ही मुलगी, खरं नाव बार्बरा मॉर्गन. ‘डिक ट्रेसी’ या चित्रकथेतल्या स्पार्कल प्लेंटीवरून तिचं नाव पडलं. सिनसिनाटीच्या फ्रॅटर्निटी या तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी तिने 1956 आणि 1957 मध्ये दोनच तबकड्या केल्या: ‘रॉक-अ-बॉप’बरोबर ‘स्कल अँड क्रॉसबोन्स’, आणि ‘टायगर’बरोबर ‘किलर’. मग मूल होणार म्हणून तिने गाणं सोडलं. त्या काळातली चार गाणी, संपलं. मागणारे जगभर, माल मूठभर. 1957 मध्ये याच कंपनीचं वाद्यवृंदवाल्या जिमी डॉर्सीचं ‘सो रेअर’ हे गाणं तुफान चाललं होतं. त्या गडबडीत या मुलीकडे हवं तेवढं लक्ष दिलं गेलं नसावं, असं आपलं मला वाटतं. तिला ‘बाई एल्विस’ म्हणतात ते मला मुळीच पटत नाही. ‘स्कल अँड क्रॉसबोन्स’मधला तो धमकावणारा, गुरगुरता आवाज तिचा स्वतःचा आहे.

आणि लेबलवर छापलंय म्हणजे खरं, असंही धरू नका. याच कंपनीच्या ‘ऑल अमेरिकन बॉय’ या गाण्याच्या तबकडीवर नाव बिल पार्सन्सचं आहे, गायलाय बॉबी बेअर.

मी काही तज्ज्ञ नाही, हाताळलेल्या तबकड्यांवरून बोलतोय. गाणं संपल्यावर मध्ये जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्याचा तिरप्या उजेडात काढलेला फोटो मागा. तिथे कोरलेले आकडे अस्सल असल्याची खात्री असलेल्या प्रतीशी ताडून बघा. नुसतं ‘हाताने कोरलेत म्हणजे नकली’ असं समजू नका, काही अस्सल तबकड्यांवरही तसे असतात. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर सौदा सोडा. नुसतं ऐकायचंच असेल तर चारही गाणी संकलनांमध्ये मिळतात, आणि मी आज तीच ऐकतो. पार्सलवर किंमत मात्र खरी लिहायला सांगा. नाहीतर कस्टममध्ये अडकायची, आणि अडकलेली तबकडी उन्हात वाकते.

पट्ट्याचा फोटो आला की इथेच टाका. माझी ती नकली प्रत मी जपून ठेवलीय, शेजारी ठेवून बघतो.