फोटो सहज काढता येतो, मग हलता प्राणी चितारून निरीक्षणात काय भर पडते?

बरीच पडते, कारण चितारताना प्रत्येक पायाचा निर्णय घ्यावा लागतो. चालत्या गाईचं रेखाटन करून पाहा. आत्ता भार कोणत्या पायांवर आहे, हा प्रश्न लगेच पडतो आणि क्रम दिसू लागतो: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. दुडक्या चालीत घोड्याचे समोरासमोरच्या कोपऱ्यांतले पाय जोडीने पडतात; उंटाचे मात्र एकाच बाजूचे दोन्ही, जवळजवळ एकदम.

डोळ्याला मर्यादा आहेतच. युरोपातले चित्रकार भरधाव घोडा चारही पाय ताणून हवेत दाखवत. १८७८ मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून फोटो घेतले, तेव्हा दिसलं की चारही खूर जमिनीवरून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना! म्हणून वेगवान धावेसाठी कॅमेऱ्याची साक्ष घ्याच.

सुरुवात संथ चालीपासून करा. प्राणी हलला की अर्धं चित्र तसंच सोडून शेजारी नवं सुरू करा. तीच ढब पुन्हा आली की जुन्याकडे वळा. मला हीच पद्धत सर्वांत उपयोगी वाटते. आणि न दिसलेला पाय अंदाजाने काढू नका, जागा कोरी ठेवा.