एका फेकीवर ठरलेले विजेतेपद: एबीए लीग, २००९-१०

बास्केटबॉलच्या एबीए लीगमध्ये अर्ध्या मैदानावरून मारलेल्या एका फेकीवर विजेता ठरणार असेल, तर आधीच्या २६ फेऱ्या कशासाठी खेळवायच्या, आणि पार्टिझान संघाचे २००९-१० चे ते विजेतेपद निव्वळ नशीब नव्हते काय, असे आपण विचारले आहे. पहिली शंका रास्त आहे. दुसरी मला मान्य नाही.

एप्रिल २०१० मध्ये क्रोएशियातील झाग्रेबला झालेला अंतिम सामना यजमान त्सिबोना आणि बेलग्रेडचा पार्टिझान यांच्यात होता, आणि तो जादा वेळेत गेला. बोयान बोग्दानोविचच्या तीन गुणांच्या फेकीने त्सिबोना ७४-७२ असा पुढे गेला, तेव्हा घड्याळात ०.६ सेकंद उरले होते. ते उरले याचे कारण, शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाली की घड्याळ थांबवले जाते. शिवाय बाहेरून आलेला चेंडू पकडून फेकायचा, तर किमान ०.३ सेकंद शिल्लक असावे लागतात. त्याहून कमी असतील, तर चेंडू नुसता टोलवता येतो. पार्टिझानच्या दुशान केत्समानपाशी, म्हणजे, नियमापुरता वेळ होता, नेम धरण्यापुरता नव्हता. त्याने मध्यरेषेच्या आसपासून चेंडू भिरकावला आणि सामना ७५-७४ असा संपला. ही फेक नशिबाचीच होती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

संघ मात्र नशिबावर तिथे आलेला नव्हता. प्रशिक्षक दुश्को वुयोशेविच यांच्या पार्टिझानचे हे सलग चौथे विजेतेपद होते. आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यातही त्याने त्सिबोनालाच हरवले होते. याच हंगामात युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत, मक्काबी तेल अवीवला मालिकेत ३-१ असे नमवून तो पॅरिसला अंतिम चौघांत पोहोचला. (तिथले दोन्ही सामने त्याने जादा वेळेतच गमावले, एक तीन गुणांनी आणि एक दोन गुणांनी. झाग्रेबची उधारी अशी वसूल झाली म्हणायची!)

आता फेऱ्यांविषयी. माजी युगोस्लाव्हियातील देशांचे १४ संघ परस्परांशी दोनदा खेळत आणि पहिले चार एकाच शहरात जमून एकेका सामन्यावर निकाल लावत. सहा-सात महिन्यांची मेहनत एका संध्याकाळी पणाला लागावी, हा त्या रचनेचा दोषच होता, आणि २०१४-१५ पासून उपांत्य व अंतिम फेऱ्या मालिका पद्धतीने खेळवल्या जाऊ लागल्या, हे मला योग्य वाटते. पाच सामन्यांच्या मालिकेत अशी फेक एक सामना जिंकून देते, विजेतेपद नव्हे.

त्सिबोनाचे सारे काही त्या फेकीने गेले, असेही नाही. पुढच्या हंगामात युरोलीगमध्ये तो होताच. मात्र तिथे गटातले दहाही सामने तो हरला, आणि त्याचा दोष केत्समानवर टाकता येणार नाही.