वाचकांचे प्रश्न : रिपोर्टमधली ‘एओर्टा’

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, बिडी ओढतात. मुतखड्याच्या शंकेने अंबाजोगाईला सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, पण ‘इन्फ्रारीनल अ‍ॅब्डॉमिनल एओर्टा ३.४ सेंमी, अ‍ॅन्युरिझम’ असं लिहून आलं. कुणी म्हणतं हार्टची नस फुगली, कुणी म्हणतं ऑपरेशन लगेच करा. काय करावं?
— एक वाचक, केज

उत्तर : लगेच ऑपरेशनची वेळ आलेली नाही, पण रिपोर्ट कपाटात टाकून विसरण्यासारखाही नाही.

एओर्टा म्हणजे महाधमनी, शरीरातली सगळ्यात मोठी धमनी. ती हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून निघते, छातीत थोडी वर चढून कमानीसारखी मागे वळते आणि मणक्याला लागून खाली उतरते. श्वासपटलातून पोटात येते आणि साधारण बेंबीच्या पातळीवर तिच्या दोन फांद्या होऊन दोन्ही पायांकडे जातात. अ‍ॅन्युरिझम म्हणजे धमनीला आलेला फुगवटा. वडिलांचा फुगवटा पोटातल्या भागात आहे, तोही मूत्रपिंडांना रक्त देणाऱ्या फाट्यांच्या खाली. ‘इन्फ्रारीनल’चा अर्थ तोच. पोटातले बहुतेक फुगवटे याच जागी होतात. त्यामुळे ‘हार्टची नस’ हे सांगणं दिशाभूल करतं. आपल्याकडे नस म्हटलं की धमनी, शीर, मज्जातंतू सगळंच त्यात येतं. म्हणून डॉक्टरांना ‘पोटातली महाधमनी फुगली आहे’ असंच सांगा.

या भागाची रुंदी साधारण २ सेंमी असते. ३ सेंमी किंवा त्याहून जास्त भरली की अ‍ॅन्युरिझम म्हणतात. ३ ते ३.९ पर्यंत दर ३ वर्षांनी सोनोग्राफी, ४ ते ४.९ ला दरवर्षी, ५ च्या पुढे दर सहा महिन्यांनी, असा सर्वसाधारण क्रम आहे. ऑपरेशनचा विचार पुरुषांत ५.५ सेंमीला आणि बायकांत ५ सेंमीच्या आसपास होतो. फुगवटा झपाट्याने वाढला किंवा दुखू लागला, तर आकडा लहान असूनही थांबत नाहीत.

मोजमापात गफलत होते ती अशी : महाधमनी वाकडी असेल आणि सोनोग्राफीत तिचं चित्र तिरपं घेतलं, तर रुंदी फुगवून दिसते. एक डॉक्टर आतल्या कडेपासून मोजतो, दुसरा बाहेरच्या. एवढ्यानेही काही मिलिमीटरचा फरक पडतो. ३.४ चे ३.७ झाले म्हणजे वाढलंच, असं नाही. शक्यतो त्याच सेंटरला जा, जुना रिपोर्ट सोबत न्या, आणि तपासणीआधी ६ ते ८ तास उपाशी राहायला सांगा. पोटात गॅस असला की महाधमनी त्यामागे झाकली जाते.

आता बिडी. ती ओढणाऱ्यांत फुगवटा लवकर वाढतो आणि फुटण्याचा धोकाही जास्त असतो. ‘कमी केली’ चालणार नाही, बंदच करावी लागेल. बीपी ताब्यात हवं. आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही : जुलाब किंवा लघवीची जळजळ झाली की आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गोळ्या अशा रुग्णाने पर्याय असेल तोवर टाळाव्यात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये तसा इशारा दिला आहे. मेडिकलवरून परस्पर गोळी घेऊ नका.

पोटात, कंबरेत किंवा कुशीत अचानक जोराची कळ आली, सोबत घाम, चक्कर किंवा शुद्ध हरपली, तर मुतखडा समजून दुखण्याचं इंजेक्शन घेऊन घरी पडू नका. फुटलेला अ‍ॅन्युरिझम अगदी मुतखड्यासारखाच भासतो, आणि तिथेच वेळ जातो. १०८ ला फोन करा, हा रिपोर्ट हातात ठेवा. सीटी स्कॅन आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन कुठे आहेत, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात की खासगीत, याची चौकशी आजच करून ठेवा.

प्रश्न : सून २४ वर्षांची, अंगाने बारीक. हाताने दाबलं की बेंबीपाशी ठोके लागतात. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घ्यावं का?
— एक वाचक, सेलू

उत्तर : ते ठोके महाधमनीचेच. बारीक माणसात पोटाची भिंत पातळ असते, त्यामुळे ते सहज लागतात. बेंबी जागची हलत नाही. उताणं झोपवून, गुडघे दुमडून, दोन्ही हातांची बोटं बेंबीच्या किंचित वर दोन बाजूंना हलकी ठेवा. बोटं फक्त वर उचलली जात असतील तर काळजी नाही. दर ठोक्याला दोन्हीकडे बाहेर ढकलली जात असतील तर सोनोग्राफी करून घ्या. साठी ओलांडलेल्या, बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या पोटात असा ठोका देणारा गोळा लागला, तर चोळणं तर दूरच, पुन्हा पुन्हा दाबून बघूही नका.

प्रश्न : टूडी इकोमध्ये ‘एओ २९’ लिहिलंय. हाही अ‍ॅन्युरिझम का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : नाही. इकोमधला ‘एओ’ म्हणजे महाधमनीचा हृदयालगतचा, उगमाचा भाग, आणि २९ हे मिलिमीटर आहेत, म्हणजे २.९ सेंमी. हा भाग मुळातच पोटातल्यापेक्षा रुंद असतो; प्रौढांत हे माप ठीक आहे. पोटाचा आकडा याला लावू नये. शेजारी ‘एलए’ असेल, तो डाव्या वरच्या कप्प्याचा.