बरोक मुद्राचित्रांतले सॅटिर आणि पॅन कुरणांत आणि झाडाझुडपांतच का दिसतात?

सतराव्या शतकातील, म्हणजे बरोक काळातील, मुद्राचित्रांत (कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर छापलेल्या चित्रांत) बकऱ्याच्या पायांचे सॅटिर, म्हणजे ग्रीक पुराणकथांतले रानदेव, आणि साधे गुराखी एकाच रानात इतक्या सहजपणे कसे वावरतात, आणि ही केवळ सजावट आहे का, असे आपण विचारले आहे. मला ती सजावट वाटत नाही. याचे कारण पुराणकथांत जितके आहे, तितकेच तांब्याच्या पत्र्यावर ओढलेल्या रेषेतही आहे.

पुराणकथांची बाजू थोडक्यात सांगतो. पॅन हा ग्रीसमधील आर्केडिया या डोंगराळ मुलखातील मेंढपाळांचा देव; त्याची शिंगे आणि खूर कळपातल्या बोकडाचेच आहेत. पुढे रोमन कवी व्हर्जिलच्या गोपकाव्यांनी या मुलखाला कवितेतले कुरण करून टाकले आणि चित्रकारांनी ते तिथून घेतले.

रेषेची गोष्ट मात्र अधिक खोलात जाऊन सांगण्यासारखी आहे. उत्कीर्णनात, म्हणजे पत्र्यावर थेट कोरताना, ब्युरिन हे पोलादी हत्यार तळहाताच्या जोराने धातूत ढकलावे लागते, त्यामुळे रेषा शिस्तीची आणि मोजकी येते. अम्लरेखनात, म्हणजे एचिंगमध्ये, पत्र्यावर मेण आणि राळ यांचा पातळ थर देऊन त्यावर सुईने चित्र काढतात आणि उघड्या पडलेल्या रेषा आम्लाने कोरून घेतात. सुई थराखालच्या धातूला जेमतेम स्पर्श करते, म्हणून हात कागदावर फिरावा तसा मोकळा फिरतो. मी स्वतः एचिंग शिकत असताना मला पहिल्यांदा उमगले की पाने, लोकर आणि दाढी यांसाठी मनगटाची हालचाल जवळजवळ एकच असते.

जेनोआत 1609 साली जन्मलेल्या जोव्हान्नी बेनेदेत्तो कास्तील्योने या इटालियन चित्रकाराने ही शक्यता पुरेपूर वापरली. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या एचिंगचा त्याच्यावर प्रभाव होता, आणि आखूड, तुटक, गुंतलेल्या रेषांनी तो सॅटिरच्या मांडीवरचे केस, वेल आणि पडक्या थडग्यांवरचे गवत एकाच विणीत गुंफतो. 1640 च्या दशकात त्याने मोनोटाइपचेही प्रयोग केले: शाई फासलेल्या पत्र्यावरून चिंधीने आणि काडीने शाई पुसत अंधारातून उजेड बाहेर काढायचा, आणि त्यातून एकच नीट ठसा मिळवायचा. या तंत्राचे जनकत्व सहसा त्यालाच दिले जाते.

फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँची रीत वेगळी आहे. 1634 सालच्या त्याच्या एचिंगमध्ये राजकन्या युरोपा ज्या बैलावर बसली आहे तो तिला पळवायला आलेला साक्षात देवराज ज्युपिटर आहे, पण समुद्रकाठी चरणाऱ्या गुरांत तो गुरासारखाच दिसतो. 1636 च्या 'गुराखी' या एचिंगमध्ये तर कोणताही देव नाही, फक्त पाण्यातून जाणारी गुरे आणि झाडांतून झिरपणारा प्रकाश आहे, आणि तरीही तिथे पॅन आला तर नवल वाटणार नाही. स्पॅनिश चित्रकार रिबेराच्या 1628 मधल्या एचिंगमधला मद्यधुंद सिलेनस, म्हणजे मद्यदेवाचा म्हातारा सोबती, मात्र या निवांतपणात बसत नाही. त्याचे सुटलेले पोट आणि सुरकुतलेली त्वचा रानापेक्षा देहाकडेच लक्ष ओढून घेते.

कास्तील्योनेचा एखादा ठसा मोठा करून पाहायला मिळाला, तर सॅटिरच्या गुडघ्याखाली बाह्यरेषा शोधून पाहा. बऱ्याच ठिकाणी ती तुटते, आणि खूर कुठे संपला व गवत कुठे सुरू झाले हे सांगता येत नाही.