१९२०च्या दशकातली अमेरिकन पल्प मासिकं (स्वस्त कागदावरची कथा-मासिकं) घरी कशी जपावीत?

प्रत्येक अंक वेगळ्या पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मच्या (कापडाच्या नव्हे) पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा लावून, कोरड्या, थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा. लॅमिनेशन आणि सेलोटेप चुकूनही नको. या मासिकांचा कागद लाकडाच्या स्वस्त लगद्याचा. त्यात आम्ल साठत जातं, पान आधी कडेने तपकिरी पडतं आणि मग उलटताना पापडासारखं तुटतं. माझ्या पिशव्यांच्या तळाशी तो चुरा दिसला की फार हळहळ वाटते. पिशवीचं माप बघून घ्या: नेहमीचा पल्प अंक साधारण ७ × १० इंच, पण १९२६ साली सुरू झालेल्या ‘अमेझिंग स्टोरीज’चे सुरुवातीचे अंक त्याहून बरेच मोठे आहेत. आम्ल मारणारा फवारा मिळतो. त्याने पुढची झीज मंदावते, पण ठिसूळ झालेलं पान पुन्हा मजबूत होत नाही.